पहिल्या मजल्याच्या काचा

वॉर्डनबाईंचा वाऱ्यावर राग होता. त्यांच्या मते माणसाच्या दहा आजारांपैकी आठ वाऱ्याने होतात आणि उरलेले दोन वाऱ्यात उभं राहून गप्पा मारल्याने. मुलींच्या वसतिगृहात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी पाच प्राचार्य पाहिले आणि पाचांनाही वर्षातून दोनदा एकच अर्ज पाठवला: इमारतीच्या खिडक्या धड लागत नाहीत, त्या बदलून मिळाव्यात.

पाचव्या प्राचार्यांनी तो अर्धा मंजूर केला.

तळमजल्यावर ऑफिस, जेवणघर आणि बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. वर दोन मजले. मजल्याला वीस खोल्या, खोलीला तीन मुली. दोन वर्षांपूर्वी पहिला मजला नवा झाला. जुन्या लाकडी खिडक्या उपटून तिथे ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि जाड काचा बसवल्या. या काचा उघडत नसत. उघडायची गरजच पडणार नव्हती, कारण गच्चीवर हवा खेळवणारं एक मोठं यंत्र येणार होतं. त्याचे पत्र्याचे बोगदे छतात घालून झाले, प्रत्येक खोलीत त्याची जाळीही बसली. यंत्र तेवढं यायचं राहिलं. जाळीतून हवेऐवजी धूळ पडायला लागली, तेव्हा बाईंनी वीसही जाळ्यांवर पुठ्ठे चिकटवून घेतले. दारांच्या खालच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या. मग संध्याकाळी सातला त्या मजल्यावरून चालत गेल्या की त्यांना समाधान वाटायचं. मेणबत्ती धरली असती तर ज्योत हलली नसती.

दुसरा मजला ‘पुढच्या टप्प्यात’ होता. तिथल्या खिडक्यांची लाकडं फुगून वाकली होती. वरच्या झडपांपैकी निम्म्यांना काच नव्हती. त्यातून पाखरं आत येऊन अभ्यासाच्या टेबलावर बसत. थंडीत मुली कानटोपी, मोजे आणि कुणाकुणाचे तर हातमोजेही घालून झोपत. त्यांच्या तक्रारींची फाइल बाईंनी स्वतः शिवली होती. प्रत्येक तक्रारीवर त्या ‘तातडीचे’ असा शिक्का मारत आणि वर पाठवत. शिक्का झिजला, तेव्हा त्यांनी नवा करून घेतला.

खोल्या कुणाला कुठल्या मिळणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. त्या वर्षी बाईंची सख्खी भाची कॉलेजात आली आणि चिठ्ठीत तिला दुसऱ्या मजल्यावरची खोली निघाली. चारच दिवसांत तिच्या आईचा, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

“तू तिथे वॉर्डन असून माझी लेक मोडक्या खिडकीखाली झोपणार?”

“ताई, चिठ्ठ्या टाकतो आम्ही.”

“चिठ्ठ्या कोण टाकतं?”

“मीच.”

“मग?”

एकोणीस वर्षांत बाईंनी कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. एका प्राचार्यांच्या पुतणीलाही त्यांनी उशिरा आल्याबद्दल व्हरांड्यात उभं केलं होतं. पण ताईने लहानपणी त्यांची वेणी घातली होती, आणि ज्याने आपली वेणी घातली त्याच्यापुढे माणूस कधी पुरता मोठा होत नाही. माहेरच्या दिवाणखान्यात ताई ज्या सुरात बोलायची त्याच सुरात ती फोनवर बोलली, आणि बाईंचं घोडं तिथेच अडलं. पहिल्या मजल्यावर सात नंबरमधली एक मुलगी शिक्षण सोडून घरी गेली होती. ती जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला जायची. बाईंनी ती भाचीला दिली. यादीत खाडाखोड केली नाही. नवीन यादीच लिहिली.

भाचीला ते आवडलं नव्हतं. “मावशी, मला वरच बरं वाटत होतं,” ती म्हणाली.

“इथे मी मॅडम आहे,” बाई म्हणाल्या. “आणि खाली ऊब आहे.”

थंडीच्या सुट्टीनंतर मुली परत आल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी ताप सुरू झाला. पहिली मुलगी बारा नंबरची. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या दोघी. चौथ्या दिवशी चार खोल्या, सातव्या दिवशी अकरा. कॉलेजचे डॉक्टर आले. त्यांनी नाकात काड्या घालून नमुने नेले आणि निकाल सांगितला: विषाणू आहे, श्वासातून पसरतो, बहुतेकींना आठवडाभरात बरं वाटेल, धाप लागली तर लगेच कळवा. मास्क वाटा म्हणाले आणि गेले.

बाईंनी कंबर कसली. आजारी मुलींसाठी वेगळी नोंदवही घातली. दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे, नळ, दिव्यांची बटणं दिवसातून तीनदा औषधाच्या पाण्याने पुसून घेतली. इतकं, की दोन बटणं बिघडली. नियम क्रमांक चौदा, ‘एकमेकींच्या बाटलीतून पाणी पिऊ नये’, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. मास्क वाटले. मुली दिवसभर ते लावत आणि झोपताना काढून उशाशी ठेवत, कारण मास्क लावून झोपा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. आजारी मुलींना गारवा लागू नये म्हणून बाईंनी पहिल्या मजल्याची दारं दिवसाही बंद ठेवायला लावली.

नवव्या दिवशी नोंदवहीत पस्तीस नावं होती.

त्याच दिवशी मिस्त्री आले. मिस्त्री कॉलेजच्या सगळ्या इमारतींचं सुतारकाम, कुलूपकाम आणि काचकाम बघायचे. दुसऱ्या मजल्याची मंजुरी अखेर यायच्या बेतात होती, म्हणून ते खिडक्यांची मापं घ्यायला आले होते. दोन तास वर काढून ते टेप गुंडाळत ऑफिसात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “बाई, वरच्या पोरी खोकत का नाहीत?”

“म्हणजे?”

“जिना चढताना पहिल्या मजल्यावर नुसती खोक-खोक चाललीय. वर गेलो तर गुपचूप. मला वाटलं, सगळ्या कॉलेजला गेल्या. दार वाजवलं तर आहेत की आत. एक तर गाणं म्हणत होती.”

“वरच्या धडधाकट असतील.”

“सगळ्याच?”

बाईंना हा प्रश्न आगाऊ वाटला. मिस्त्री गेल्यावर त्यांनी नोंदवही उघडली. खोलीचा नंबर त्या प्रत्येक नावापुढे लिहीतच होत्या. फक्त तो रकाना कधी उभा वाचला नव्हता. आता वाचला. पस्तीसपैकी एकतीस मुली पहिल्या मजल्याच्या होत्या. चार दुसऱ्याच्या, आणि त्या चारीजणी आपापल्या खोलीत एकेकट्याच आजारी पडल्या होत्या.

त्यांनी सगळ्या शक्यता नीट तपासल्या. दोन्ही मजल्यांच्या मुली एकाच जेवणघरात जेवत. एकाच वर्गांत बसत. जिना एकच. खाली साफसफाई जास्त, वर कमी. कठडेही खालचे तीनदा पुसले जात, वरचे एकदाच, कारण पुसणारीला गुडघेदुखी होती. सगळा हिशोब उलटा येत होता. बाईंनी नोंदवही मिटली, चहा मागवला आणि तो न पिताच परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या खोलीतली मुलगी पळत खाली आली. भाचीला कालपासून ताप होता, पण तिने सांगितलं नव्हतं. आता तिला बोलताना धाप लागत होती.

बाईंनी तिला स्वतः दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला. भाचीला लहानपणी दम्याचा त्रास होता, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच तर त्यांनी तिला वाऱ्यापासून दूर ठेवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली गेली. भाचीने मावशीकडे पाहून अंगठा वर केला. बाईंनीही केला. मग बाहेर येऊन त्यांनी ताईला फोन लावला आणि शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. ताई निघाली होती.

वसतिगृहात परतल्यावर बाई थेट दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे एक मुलगी राहत होती, तिला सगळ्या मीटरवाली म्हणत. ती पर्यावरणशास्त्र शिकायची. पहिल्या सत्रात तिच्याकडे एक डबी सापडली होती. तिने पंचवीस मिनिटं बाजू मांडूनही बाईंनी ती ‘विनापरवाना विद्युत उपकरण’ म्हणून जप्त करून, इस्त्र्या आणि पाणी तापवायच्या किटल्या ठेवतात त्या कपाटात टाकली होती.

“ते तुझं यंत्र,” बाई दारातूनच म्हणाल्या, “काय मोजतं म्हणालीस?”

मीटरवाली कानटोपी घालून वाचत बसली होती. ती उठून उभी राहिली. “हवा, मॅडम. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड.”

“त्याने विषाणू कळतो?”

“नाही. पण आपण श्वास सोडतो त्यात तो वायू असतो. खोली बंद असली की साठत जातो. आकडा जितका मोठा, तितकी खोलीतली जास्त हवा आधीच कुणाच्या तरी छातीत जाऊन आलेली.”

“म्हणजे उष्टी हवा.”

“हो,” मीटरवाली म्हणाली. हा शब्द तिला पुस्तकात सापडला नव्हता. “उष्टीच. आणि त्या छातीत विषाणू असला तर तोही त्याच हवेत तरंगत राहतो. बाहेरची हवा आत आली तर विरळ होतो. नाही आली तर सगळ्या मिळून तोच श्वास घेत बसतात.”

बाईंना भिंतीवरचा नियम क्रमांक चौदा आठवला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघी डबी घेऊन फिरल्या. अंगणात आकडा आला चारशे तीस. दुसऱ्या मजल्यावर, जिथे तीन मुली पांघरुणांची गाठोडी होऊन झोपल्या होत्या, सहाशे चाळीस. मग पहिला मजला. सात नंबरचं दार उघडल्याबरोबर उबदार, जड हवेचा लोट अंगावर आला. बाईंना तो वास दोन वर्षांपासून परिचयाचा होता. आजवर त्या त्याला ऊब म्हणत होत्या. डबीवरचा आकडा चढत गेला आणि तीन हजार शंभरवर थांबला. आत दोघीच झोपल्या होत्या. तिसरी दवाखान्यात होती.

“अजून एक खोली बघू,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “अजून एक.” विसाव्या खोलीपर्यंत त्या तेच म्हणत राहिल्या. मीटरवाली आकडे लिहीत होती. तिला आतून आनंद होत होता आणि तो दिसू नये म्हणून ती खाली मान घालून चालत होती.

दहा वाजता बाई प्राचार्यांपुढे उभ्या होत्या. प्राचार्य सज्जन होते आणि त्यांना वाईट बातमी आवडत नसे. त्यांच्या केबिनला खिडकी होती, पण तिच्यापुढे बक्षिसाच्या ढालींचं कपाट होतं.

“बाई, बरं झालं आलात,” ते म्हणाले. “तुमचं अभिनंदन. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या मंजूर झाल्या. पालकांचे फोनवर फोन येताहेत. मोडक्या खिडक्यांमुळे मुली आजारी पडल्या म्हणतात. परवापासून काम सुरू. अगदी पहिल्या मजल्यासारखं चकाचक.”

एकोणीस वर्षं बाईंनी ज्या वाक्याची वाट पाहिली होती, ते हेच.

“नको, सर.”

“काय नको?”

“खिडक्या. वरच्या आहेत तशाच राहू द्या. आणि खालच्या काढायला परवानगी द्या.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “गेल्या महिन्यात तुम्ही मला पत्र लिहिलंत. ‘मुलींच्या जिवाशी खेळ थांबवा,’ असे शब्द होते त्यात.”

“होते. माझं चुकलं. खेळ खालच्या मजल्यावर चालला होता.”

त्यांनी आकड्यांचा कागद पुढे ठेवला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा भरभर. मग ते म्हणाले की पहिल्या मजल्याच्या काचांना कंत्राटदाराची पाच वर्षांची हमी आहे, काच हलवली तर हमी जाते. की हवेचं यंत्र येणारच आहे. की एका विद्यार्थिनीच्या डबीवरून इमारत उघडी करता येत नाही. आणि हा विषय ते समितीपुढे ठेवतील, तोवर वरचं कामही थांबेल. समिती पुढच्या महिन्याच्या अखेरीस बसायची होती.

तिथून बाई दवाखान्यात गेल्या. ताई बाकावर बसली होती. प्रवासात चुरगळलेला स्वेटर, मांडीवर भाचीचे कपडे. “डॉक्टर म्हणाले, काल होती तशीच आहे. वाईट नाही, चांगली नाही,” ती म्हणाली.

बाई तिच्याशेजारी बसल्या. दुसरा एखादा माणूस असता तर त्याने आधी पाणी आणलं असतं, चौकशी केली असती. बाईंना अहवाल द्यायची सवय होती. त्यांनी अहवाल दिला. खालच्या मजल्याच्या काचा, जाळ्यांवरचे पुठ्ठे, दाराखालच्या पट्ट्या, एकतीस आणि चार, तीन हजार शंभर. शेवटी म्हणाल्या, “तिला चिठ्ठीत वरची खोली निघाली होती. मी खाली आणली. दुसरीचा हक्क मारून आणली.”

‘तू म्हणालीस म्हणून’ हे पुढचे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले.

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. “आता त्या खोलीत कोण आहे?” तिने विचारलं.

“दोघीजणी.”

“खिडकी उघडलीस?”

“उघडत नाही ती. काच पक्की बसवलेली आहे. समितीची परवानगी—”

“मग तू इथे काय करतेयस?” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “हिच्याजवळ मी आहे. तू जा.”

बाई गेल्या.

मिस्त्री दुसऱ्या मजल्याच्या नवीन चौकटी आल्यात का बघायला आले होते. बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. “काचा काढायला किती वेळ लागेल?”

“वरच्या? त्या काय, हात लावला की पडतात.”

“खालच्या.”

मिस्त्रींनी आधी जमिनीकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. “खालच्या मीच बसवल्यात की. चारी बाजूंनी रबरासारखा मसाला भरलाय. सुरीने कापावा लागेल. खोलीला तास धरा. कागद आहे का?”

“कसला?”

“हुकमाचा.”

बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘पहिल्या मजल्याच्या सर्व खिडक्यांच्या वरच्या अर्ध्या भागातल्या काचा माझ्या आदेशावरून आजच्या आज काढाव्यात.’ खाली सही केली आणि शिक्का मारला. सवयीने ‘तातडीचे’ हाही मारला. त्या शिक्क्यानंतर त्याच दिवशी काम सुरू होण्याची ती पहिलीच वेळ.

मिस्त्रींनी सात नंबरपासून सुरुवात केली. खाली अंगण मोकळं करून दोरी बांधली, कापडात गुंडाळून एकेक काच उतरवली, मागे खोलीचा नंबर खडूने लिहिला. बाई स्वतः स्टुलावर चढून जाळ्यांवरचे पुठ्ठे काढत होत्या. त्याने हवा येणार नव्हती, कारण वर यंत्रच नव्हतं. पण ते पुठ्ठे त्यांना आता बघवत नव्हते. दाराखालच्या पट्ट्या त्यांनी चिमट्याने ओढून काढल्या. भोकाला जाळी, दारं सताड, आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीत मोठा पंखा, तोंड बाहेरच्या बाजूला. ही युक्ती मीटरवालीची. काम दोन दिवस चाललं. काचा ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाईंनी त्या आपल्या झोपायच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या आणि पलंग सरकवून घेतला.

खालच्या मुलींनी अर्थातच बोंब मारली. थंडी कडाक्याची होती. एकीने विचारलं, “मॅडम, आम्ही तापाने मरू नये म्हणून थंडीने मरायचं का?” तेव्हा वरच्या मुली खाली उतरल्या. आजवर मोडक्या मजल्यावरच्या म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडलं जायचं. आता त्यांनी अनुभवी माणसाच्या थाटात शिकवणी घेतली: मोजे झोपायच्या अर्धा तास आधी घालायचे, पांघरूण पायाखाली दुमडायचं, गरम पाण्याची बाटली पोटाशी नाही, पायाशी. जादा कानटोप्या वाटल्या गेल्या. बाईंनी जप्तीच्या कपाटातून सगळ्या किटल्या परत केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरमध्ये आकडा सातशे दहा आला. बाईंनी तो लिहून घेतला, आणि स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला.

त्याच दुपारी प्राचार्य आले. व्हरांड्यातून जाताना पंख्याच्या ओढीने त्यांच्या हातातला कागद सुटला आणि जाळीला जाऊन चिकटला. त्यांनी वीस भोकं मोजली.

“हे काय करून ठेवलंत, बाई? उद्या पालक मला विचारतील. तुम्ही माझ्या मुलींना अक्षरशः वाऱ्यावर सोडलंत!”

“हो, सर,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी कारणे दाखवा नोटीस आली. तिच्यात तीन मुद्दे होते: परवानगीशिवाय मालमत्तेची मोडतोड, वरिष्ठांचा आदेश डावलणे, आणि वसतिगृहातील विद्यार्थिनींना थंडीच्या दिवसांत वाऱ्यावर सोडणे. बाईंनी रात्रीच्या जेवणाआधी उत्तर लिहिलं. पहिला मुद्दा: मोडतोड नाही, वीसही काचा शाबूत असून माझ्या पलंगामागे आहेत. दुसरा: मान्य. तिसरा: मान्य, आणि हे आधी न केल्याबद्दल वेगळी नोटीस काढावी. त्याखाली त्यांनी चौथा मुद्दा आपणहून घातला, जो कुणी विचारला नव्हता: सात नंबरची जागा प्रतीक्षायादी डावलून मी माझ्या भाचीला दिली. सोबत जुनी यादी जोडली.

पुढच्या चार दिवसांत पहिल्या मजल्यावर आणखी पाच मुली आजारी पडल्या. त्यानंतरच्या आठवड्यात दोन. मग एकही नाही. बाईंना वाटलं, जिंकलो. मीटरवालीने मान हलवली. “तसं ठामपणे नाही म्हणता येणार, मॅडम. निम्मा मजला आजारी पडून गेलाच होता. साथ आपोआपही ओसरते. आपल्याकडे तुलनेला दुसरा मजला आहे, पण तेवढ्यावर—”

“तू माझ्या बाजूची आहेस ना?”

“आकड्यांच्या,” मीटरवाली म्हणाली, आणि मग घाईने, “पण आकडे तुमच्या बाजूला झुकलेत.”

समिती ठरल्याच दिवशी बसली. प्राचार्य, तीन सभासद, मिस्त्री आणि बाई. विषय गोपनीय म्हणून शिपायाने दार लावून घेतलं. बाईंनी डबी सोबत नेली होती. ती त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सुरुवातीला आकडा आठशे होता. हमीच्या मुद्द्यावर तेराशे झाला. शिस्तीच्या मुद्द्यावर अठराशे. स्थापत्य शिकवणारे एक म्हातारे सर सभासद होते. ते बोलणाऱ्यांकडे न बघता डबीकडेच बघत बसले होते. एका सभासदाला जांभई आली, पाठोपाठ दुसऱ्याला. एकवीसशेला म्हातारे सर उठले, दारापर्यंत गेले, ते सताड उघडलं आणि जागेवर परत येऊन म्हणाले, “आता बोला.”

निर्णय असा झाला की पहिल्या मजल्यावर उघडझाप होणाऱ्या खिडक्या बसवाव्यात, दुसऱ्या मजल्याची लाकडं बदलावीत पण झडपा ठेवाव्यात, आणि यंत्राचा विषय यंत्र आल्यावर घ्यावा. चौथ्या मुद्द्याबद्दल बाईंची एक वेतनवाढ रोखली गेली आणि खोलीवाटप त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. उरलेल्या तीन मुद्द्यांवर समितीने काहीच म्हटलं नाही. यादीतल्या ज्या मुलीची जागा गेली होती तिला बोलावून बाईंनी माफी मागितली. ती मुलगी दुसऱ्या मजल्यावरच राहत होती आणि तिला सर्दीसुद्धा झाली नव्हती. “मॅडम, आभार मानायचे की रागवायचं, मला कळत नाहीये,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या की रागवणं नियमाला धरून होईल.

पण हे सगळं नंतरचं. भाचीला दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. सहाव्या दिवशी नळी निघाली, आठव्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये चालली, आणि अकराव्या दिवशी तिला बाईंच्या घरी आणलं, कारण लांबचा प्रवास झेपला नसता. ताईही आली. काचांमुळे पलंग मधे सरकलेला, खोलीत तिघी, त्यामुळे उठायचं म्हटलं तरी एकमेकींना ओलांडावं लागायचं.

खोलीच्या विषयावर दोघी बहिणी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी भाची झोपलेली असताना ताई कपडे घड्या घालता घालता म्हणाली, “फोन मी केला होता.”

“खोलीचा नंबर मी बदलला होता.”

“मी केला नसता तर तू बदलला नसतास.”

“नसता बदलला,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

ताईने घडी उलगडली आणि पुन्हा घातली. “लहानपणापासून माझं सगळं ऐकतेस. कधी तरी नाही म्हणायला काय होतं तुला?”

“तू विचारायचीस कुठे? सांगायचीस.”

भाची झोपलेली नव्हती. ती पांघरुणातून म्हणाली, “मी दोघींनाही सांगितलं होतं, मला वरच राहायचंय म्हणून.” ताई दूध तापवायला उठली. जाताना तिचा पाय काचेला लागला, आणि “ही तुझी काच इथून हलव आधी,” असं ती बहिणीवर ओरडली, अगदी घरच्यासारखी.

भाचीची सत्राची परीक्षा बुडाली. उन्हाळ्यात तिने फेरपरीक्षा दिली. चार विषयांत पास झाली, एकात राहिली. ताईचा फोन आला तेव्हा बाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की परीक्षकाशी बोल असं म्हणाली तर साफ नाही म्हणायचं. ताईने तसं काही विचारलं नाही. राहिलेल्या विषयाचा पेपर कठीण होता का एवढंच विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “सोपा होता.”

“मीही वाचला. मलाही तसंच वाटलं,” ताई म्हणाली.